चुन्याची परात आणि पर्समधला मीटर

माझ्या बहिणीचे डोळे पिवळे झालेत हे घरात सगळ्यांत आधी मला दिसलं. त्यात माझं काही कौतुक नाही. हिंगण्याच्या एका रंगाच्या कारखान्यात मी सोळा वर्षं तपासणी विभागात आहे. तयार झालेला रंग मूळ नमुन्याशेजारी धरायचा आणि फरक आहे की नाही ते सांगायचं, हे माझं काम. पांढऱ्यात पिवळ्याचा एक थेंब जास्त पडला तरी माझ्या नजरेतून सुटत नाही. त्या रविवारी सकाळी ती खिडकीशी चहाचा कप घेऊन बसली होती. आठवा महिना संपत आलेला. कप तसाच भरलेला होता आणि उजेड सरळ तिच्या तोंडावर येत होता.

"वर पाह्य," मी म्हटलं.

"काय झालं वं ताई?"

"काही नाही. वर पाह्य म्हटलं न."

बुबुळाभोवतीचं पांढरं आता पांढरं राहिलं नव्हतं. नखंही तसलीच. चार दिवसांपासून तिला फोडणीचा वास नको झाला होता, मळमळत होतं, लघवी गडद होत होती. मे महिन्यातल्या नागपुरात माणसाला काहीही झालं की आम्ही उन्हावर ढकलतो, तसं हेही ढकललं होतं. पाणी पी, भरपूर पी, असं चार दिवस मीच तिच्या मागे लागले होते.

गरोदर बाईची कावीळ म्हणजे काय ते मी कधीतरी वाचलं होतं. एरवी तरण्याताठ्या माणसाला महिनाभर लोळवून सोडून देणारा हा आजार, पण पोटुशी बाईच्या बाबतीत तो कधी कधी दोन-चार दिवसांत लिव्हर बंद पाडतो. मग आई राहत नाही आणि मूलही राहत नाही. आठ वाजता तिचं रक्त देऊन आलो. रिपोर्ट एक वाजता मिळणार होता. तिच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, रिपोर्ट आला की आधी मला कळवा, आणि बॅग भरून ठेवा.

बॅग मी भरली. आणि एक वाजायची वाट बघत बसले.

इथं आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. आम्ही पूर्व नागपुरात राहतो, लकडगंजच्या पलीकडच्या एका अरुंद गल्लीत. बाबा गेल्यापासून घरात आई आणि मी. बहीण माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, तिच्या वेण्या मी घातल्यात, तिच्या गणितासाठी तिला मीच रडवलंय. ती उमरेडकडच्या शेतकरी घरात दिलेली. नवरा पुण्याला नोकरीला. डोहाळजेवण झालं आणि सातव्या महिन्यात ती पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली.

ती आली त्या दिवसापासून आईनं पाणी उकळायला घेतलं. सकाळ-संध्याकाळ ॲल्युमिनियमचा मोठा गंज गॅसवर चढवायचा, खळखळ उकळी फुटू द्यायची, निवालं की दुहेरी फडक्यातून माठात गाळायचं. त्या उन्हाळ्यात आमचं एवढंसं स्वयंपाकघर, त्यात हा गंज. आई घामानं निथळायची. मला ते बघवेना आणि मला ते मूर्खपणाचंही वाटलं, खरं सांगायचं तर दुसरंच जास्त. कारखान्यात पाणी वापरण्याआधी आम्ही ज्यानं मोजतो तसला पेनाएवढा मीटर माझ्या पर्समध्ये असतो. मी नळाचं पाणी पेल्यात घेतलं, मीटर बुडवला आणि आकडा आईच्या डोळ्यांसमोर धरला.

"हे पाह्य. दीडशेच्या आत. आमच्या कंपनीत इतकं चांगलं पाणी येत नाही. उकळून काय सोनं करून राहिली?"

आईनं आकड्याकडे पाहिलं. तिला सातवीपर्यंतचं शिक्षण. "मंग याच्यात सगळं दिसते काय?" तिनं विचारलं.

"आई, हे माझं रोजचं काम आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गंज माळ्यावर गेला. मला बरं वाटलं. आपल्या शिक्षणाचा घरात काहीतरी उपयोग झाला, असं वाटलं.

तर त्या रविवारी दहाच्या सुमारास बहिणीच्या सासूबाई आल्या. आम्ही रक्त द्यायला गेलो तेव्हा आईनं, मला न विचारता, त्यांना फोन केला होता. उन्हातून आलेल्या, पदरानं तोंड पुसत त्यांनी सुनेचे डोळे पाहिले, तिच्या पाठीवर हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता आईला म्हणाल्या, "विहीणबाई, चुन्याच्या पाण्यात हात धुवाले लागते. इतवारीच्या मागं एक म्हातारी आहे, आमच्या गावचे लोक तिच्याचकडे येतात. रविवारी बारा वाजेपर्यंत बसते. एक पैसाही घेत नाही."

"मावशी, चुना पानाला लावा," मी म्हटलं. "तिला दवाखाना लागणार आहे."

"तोंड आवर," आई म्हणाली.

"कायले आवरू? हाताला आंब्याच्या झाडाची साल चोळतात आणि चुन्यात धुतात. सालीला चुना लागला की पाणी पिवळं होणारच, कुणाचेही हात असू द्या. आणि हे म्हणतात कावीळ उतरली. दोन दिवस तिथं खेटे घाला, तोवर ही हातची जाईल."

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. बहीण समोर बसली होती. सासूबाईंचं तोंड लाल झालं. बहिणीनं मात्र माझा हात धरला. "ताई, एक वाजेपर्यंत तसंही इथं बसूनच राहायचं आहे न. मले घरात बसून भेव लागून राहिलं. जाऊन येऊ. त्यायचं मन राहील."

मी हो म्हटलं. तिच्यासाठी हो म्हटलं असं मी नंतर लोकांना सांगत आले, पण ते अर्धंच खरं आहे. मला तिथं जाऊन, चार लोकांत, त्या म्हातारीचं पितळ उघडं पाडायचं होतं. सासूबाईंना दाखवायचं होतं. बहिणीच्या अंगात विष चढत होतं आणि मी वाद जिंकायला निघाले होते.

ऑटोतून चौघी गेलो. इतवारीत रविवारीही हातगाड्यांनी रस्ता भरलेला असतो. एका वळणावर भांड्यांचा टेम्पो आडवा झाला आणि आम्ही उन्हात अडकलो. बहिणीनं डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं होतं. मी दर मिनिटाला मोबाईलमध्ये वेळ बघत होते आणि तिच्याशी बोलत होते, काहीबाही विचारत होते, कारण लिव्हर बिघडलं की माणूस गुंगीत जातो हे मला ठाऊक होतं. तिनं उत्तर द्यायला जरा उशीर लावला की मी तेच पुन्हा विचारायचे.

म्हातारीच्या अंगणात कडुलिंबाखाली सतरंजीवर वीसेक माणसं बसली होती. समोर पितळेची परात, परातीत चुन्याचं पाणी, बाजूला टोपलीत आंब्याच्या सालीचा कूट. म्हातारी किडकिडीत, चष्म्याला दोरा बांधलेला. पोटुशी बाई बघून लोकांनी आम्हाला पुढे वाट दिली. बहीण खाली बसायच्या आत मी बसले आणि दोन्ही हात पुढे केले.

"आधी माझे धुवा."

म्हातारीनं माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग माझ्या तळव्यांना ओला कूट चोळला आणि हात परातीत बुडवले. पाणी हळदीसारखं पिवळं झालं. मी हात तसेच वर धरले आणि सतरंजीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मला कावीळ नाही. मी ठणठणीत आहे. आणि हे बघा पाणी. बघा मावशी!"

कुणीतरी म्हणालं, ही कोण शहाणी. एका माणसानं मला उठायला सांगितलं. सासूबाईंनी मान खाली घातली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मला आनंद झाला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला होता.

म्हातारीनं परात कलती करून पाणी झाडाला टाकलं. "सगळ्यायचंच पिवळं होते बाई," ती हळू म्हणाली. "मले काय मालूम नाही? चाळीस वर्ष झाले धुऊन राहिली. मानूस इथं आलं का त्याले तेल-तिखट सोड म्हणतो, पडून राह्य म्हणतो, थे आयकते. घरच्यायचं नाही आयकत." मग तिची नजर माझ्यामागे उभ्या असलेल्या बहिणीच्या पोटाकडे गेली आणि तिचा आवाज एकदम बदलला. "हिले काहून आणलं इथं? पोटुशीले मी हात नाही लावत. एक पोरगी गेली माह्या समोर, दोन दिवसांत गेली. दवाखान्यात ने. आत्ता ने."

मी उठले. कुटानं माखलेले ओले हात ओढणीला पुसले. तेवढ्यात म्हातारीनं आईला विचारलं, "कोठून आल्या तुम्ही?"

आईनं गल्ली सांगितली.

"थ्या पिठाच्या चक्कीच्या इकडून का तिकडून?"

"इकडून."

"हं. महिना झाला, थ्या गल्लीचेच येऊन राहिले. मागच्या रविवारी सात होते, आज नऊ. सगळे चक्कीच्या इकडचे. तिकडचा एक नाही." तिनं चष्मा वर सरकवला. "पानी उकळून पेता का घरी?"

मी तिथं कडुलिंबाखाली उभी होते आणि मला माझ्या पर्समधला मीटर आठवला. तो पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो. क्षार, बाकी काही नाही. कारखान्यात आम्हाला तेवढंच हवं असतं, कारण ते पाणी रंगात जातं, कुणाच्या पोटात जात नाही. उन्हाळ्यात नळाला धार नसते म्हणून आमच्या गल्लीत घरोघरी टिल्लू पंप आहे, नळाला जोडायची लहान मोटर, नळीतलं पाणी ओढून घेणारी. आमच्याकडेही आहे. नळी कुठं फुटली असेल, शेजारी नाली असेल, तर ती मोटर नालीही ओढून घेते. हे सगळं मला माहीत होतं. वेगवेगळं माहीत होतं. मी ते कधी एकत्र मांडून बघितलं नव्हतं, कारण मीटरवर आकडा चांगला आला होता.

फोन वाजला. डॉक्टरीणबाई होत्या. रिपोर्ट लॅबनं थेट त्यांना पाठवला होता. त्या म्हणाल्या, घरी जाऊ नका, मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्या, मी तिथं बोलले आहे.

हॉस्पिटलात तिला थेट आयसीयूत घेतलं. काचेचा दरवाजा बंद झाला आणि बाहेरच्या लोखंडी बाकावर आम्ही तिघी उरलो: आई, सासूबाई, मी. जावई गाडीत बसले होते, पोहोचायला दुसरा दिवस उजाडणार होता. साडेतीनच्या सुमारास एक तरुण डॉक्टर फॉर्म घेऊन आला. रक्त गोठायला फार वेळ लागतोय, म्हणाला. लिव्हर कितपत साथ देतं ते दर सहा तासांनी बघू. बाळ आत्ता ठीक आहे, पण कधीही बाहेर काढावं लागेल. मग त्यानं पेन काढलं. बाहेरचं काही खाल्लं का? लग्नाकार्यात? नाही. घरी पाणी कोणतं पिता?

"नळाचं," आई म्हणाली.

"उकळून?"

सासूबाई मध्येच बोलल्या, "त उकळूनच देत होत्या न विहीणबाई. मले फोनवर सांगितलं होतं तुम्ही. दोन टाइम गंज चढवतो म्हणून."

आईनं माझ्याकडे पाहिलं. फार थोडा वेळ पाहिलं. मग डॉक्टरकडे वळून ती म्हणाली, "हो. उकळून."

त्यानं लिहिलं. मला ते अक्षर उलटं दिसत होतं. आईला आयुष्यात कधी खोटं बोलता आलं नाही, दुधवाल्याशीसुद्धा तिला जमत नाही, पण हे ती सहज बोलली. माझ्यासाठी बोलली. मी गप्प बसले असते तर ते तसंच राहिलं असतं. सासूबाईंना कधी कळलं नसतं, जावयांना कळलं नसतं, आणि बहीण वाचली असती किंवा नसती, घरात मी ताईच राहिले असते. सोळा वर्षांत मी कारखान्यात एकही खोटी नोंद केलेली नाही. साहेबांशी भांडले आहे त्यापायी, ट्रक अडवून ठेवले आहेत. रंगाच्या डब्यासाठी. आणि इथं माझ्या बहिणीच्या कागदावर चुकीची ओळ होती, आणि डॉक्टर ती लिहून पुढच्या प्रश्नाकडे जात होता. त्याच घटकेला चक्कीच्या इकडच्या घरांत लोक तेच पाणी माठात भरत असणार. त्यात आणखी कोणी पोटुशी असणार.

"खोडा ते," मी म्हटलं.

डॉक्टरनं वर पाहिलं.

"उकळलेलं नव्हतं. सुरुवातीचे दोन दिवस होतं, मग मी बंद करायला लावलं. माझ्याकडे मीटर आहे. क्षार मोजायचा. मी तो बुडवला आणि पाणी चांगलं आहे म्हणून सांगितलं. आईला ते पटलं नव्हतं."

त्यानं ओळ खोडली आणि वर नवीन लिहिली. मग मी म्हातारीचा हिशेब सांगितला, सात आणि नऊ, चक्कीच्या इकडचे आणि तिकडचे. त्यानं ते वेगळ्या कागदावर घेतलं, गल्लीचं नाव दोनदा विचारून घेतलं आणि म्हणाला, हे मला वर कळवावं लागेल. तो गेला.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "माह्या चुन्याले हासत होती न वं तू."

त्या उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसल्या. शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं.

मी तिथूनच गल्लीतल्या ज्यांचे नंबर होते त्या सगळ्यांना फोन लावले. पाणी उकळा, टिल्लू बंद करा. काही जणांनी ऐकलं. एक बाई म्हणाली, "काहून वं, तूच तर आमचं पाणी मोजून फर्स्ट क्लास म्हणून गेली होती." खरं होतं. आमचं झाल्यावर मी शेजारच्या चार-पाच घरांतही मीटर बुडवून आले होते, हौसेनं. पुढं आठवड्याभरात चक्कीजवळ रस्ता खणला तेव्हा नळीचा सांधा नालीच्या पाण्यात बुडालेला सापडला. म्हातारीचा हिशेब बरोबर होता. तरी तिच्यावरचा माझा राग गेलेला नाही. महिनाभर ती मोजत होती आणि हात धूत होती, कुणाला सांगायला गेली नाही. पण महिनाभर गल्लीत राहून मी तर मोजलंही नव्हतं.

दर सहा तासांनी रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा यायचा. आकड्यांवर माझं पोट आहे, पण मी असे आकडे कधी पाहिले नव्हते. रविवारी संध्याकाळी वाईट, सोमवारी पहाटे त्याहून वाईट. ती हाक मारली तर डोळे उघडायची आणि मला ओळखायला वेळ लावायची. सोमवारी दुपारी तिनं मला 'आई' म्हणून हाक मारली, तेव्हा मी बाहेर येऊन जिन्यात रडले. जावई आले होते. त्यांना सगळं मीच सांगितलं, दुसऱ्या कुणी सांगण्याआधी. ते आजही त्या विषयावर बोललेले नाहीत.

मंगळवारी बाळ काढलं. मुलगी. माझ्या दोन तळव्यांत मावेल एवढी, काचेच्या पेटीत ठेवलेली, पण रडली. त्याच संध्याकाळी आकडा थांबला, बुधवारी सकाळी जरासा उतरला. डॉक्टर म्हणाले, काही जणी वळतात, काही जणी वळत नाहीत, का ते आम्हाला नेहमी सांगता येत नाही. त्यांनी उगाच श्रेय घेतलं नाही, म्हणून मला त्यांच्याविषयी आदर वाटला. सासूबाईंनी गावच्या देवीला नवस बोलला होता. या वेळी मी काही बोलले नाही.

शुक्रवारी तिला साध्या खोलीत आणलं. चेहरा अजून पिवळाच होता, पण डोळ्यांत ती परत आली होती. दुपारची वेळ, आई खुर्चीत, सासूबाई पलंगाच्या पायथ्याशी. मी घरून स्टीलची बाटली आणली होती. पहाटे माळ्यावरचा गंज काढून, घासून, मी स्वतः पाणी चढवलं होतं, उकळी फुटल्यावर घड्याळ लावून दहा मिनिटं समोर उभी राहिले होते. तिनं पाणी मागितलं. मी पेल्यात ओतून तिच्या हातात दिलं.

तिनं पेला ओठांशी नेला आणि थांबली.

"उकळलेलं आहे न ताई?"

"हो," मी म्हटलं. "मी उकळलं."

तिनं मान हलवली. पण प्यायली नाही. तिचे डोळे माझ्यावरून सरकून खुर्चीकडे, आईकडे गेले. आईनं हो म्हणून मान हलवली, तेव्हा ती पाणी प्यायली.